हेलिकॉप्टर वाहतूक, पर्यटनस्थळांतील
द्वीपसमूहांतील बेटे, डोंगरमाथ्यावरील थंड हवेची ठिकाणे इ. धावपट्टीला जागा नसलेल्या स्थळी हेलिकॉप्टरने केलेली अल्प अंतराची प्रवासी ने-आण. अशी उड्डाणे सामान्यतः दहा ते चाळीस मिनिटांची असतात. त्यांसाठी हेलिकॉप्टर निवडताना वेग व आसनसंख्या यांकडे प्रथम लक्ष जाते. वस्तुतः स्थळाची उंची, तेथील तापमान आणि एक एंजिन बंद पडल्यास होणारी स्थिती या बाबी निर्णायक असतात.

वेगाचे महत्त्व या अंतरांत फारच थोडे असते. लक्षद्वीपमधील अगत्ती ते कवरत्ती हे सु. ६० किमी. अंतर ताशी २४० किमी. वेगाने १५ मिनिटांत, तर ताशी २७० किमी. वेगाने सु. १३ मिनिटांत कापता येते. ही बचत प्रवाशांच्या चढ-उतारातच खर्ची पडते. उलट वारंवार उड्डाण व अवतरण होत असल्याने यंत्रभागांची झीज तासांपेक्षा फेऱ्यांच्या संख्येवर अधिक अवलंबून राहते. म्हणून लांब पल्ल्याच्या उड्डाणांवरून काढलेला दर तासाचा खर्च येथे दिशाभूल करतो.

हवा विरळ झाली की घूर्णकाची (फिरणाऱ्या पात्यांची) उचलशक्ती व एंजिनाची शक्ती ही दोन्ही घटतात. समुद्रसपाटीला ३०° से. तापमानास हवेची घनता प्रमाणित घनतेच्या सु. ९५ टक्के असते. पाचगणी (उंची सु. १,३०० मी.) येथे त्याच तापमानास ती सु. ८१ टक्केच भरते. म्हणजे हेलिकॉप्टर जणू २,१०० मी. उंचीवर उडत असते. ही घट सर्वस्वी प्रवासी भारावर पडते, कारण यंत्राचे व इंधनाचे वजन कमी करता येत नाही. समजा, ४,००० किग्रॅ. वजनाच्या हेलिकॉप्टरचे अनुज्ञेय वजन दहा टक्क्यांनी कमी झाले, तर ८० किग्रॅ.चा एक याप्रमाणे पाच प्रवासी खाली उतरवावे लागतील.

दोन एंजिने म्हणजे दुहेरी सुरक्षितता, ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेल्या एका एंजिनाला त्या उंचीवर, त्या भारासह उड्डाण चालू ठेवता आले तरच दुसऱ्याचा उपयोग. आंतरराष्ट्रीय नियमांतील कार्यक्षमतेचे तीन वर्ग याच कसोटीवर ठरविले आहेत. एकएंजिनी हेलिकॉप्टर एंजिन थांबल्यावर स्वयंघूर्णनाने उतरू शकते. मात्र खाली उतरण्याजोगी जागा असावी लागते. केदारनाथसारख्या उंच स्थळी हलकी एकएंजिनी हेलिकॉप्टरे वापरतात, यामागे भाराचा हाच हिशेब आहे.

समुद्रावर हा प्रश्न वेगळे रूप घेतो. पाण्यावर तरण्यासाठी फुगणारे तरंडे, जीवरक्षक जाकिटे व तराफे आवश्यक ठरतात. २८ जून २०२२ रोजी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात सिकॉर्स्की एस-७६डी हेलिकॉप्टर समुद्रात उतरवावे लागले. त्यातील ९ जणांपैकी ४ मृत्युमुखी पडले. शिवाय क्षारयुक्त हवेमुळे एंजिनाचा संपीडक गोड्या पाण्याने वारंवार धुवावा लागतो. गोडे पाणी दुर्मिळ असलेल्या प्रवाळबेटांवर हाही खर्चच होय.

१९८५ मध्ये स्थापन झालेल्या पवन हंस या शासकीय कंपनीने लक्षद्वीपमध्ये दोन एंजिनांची डॉफिन हेलिकॉप्टरे वापरली. त्यांचा शेपटीचा पंखा आवरणात असल्याने अरुंद तळावर प्रवाशांना धोका कमी असतो. याच कंपनीने घेतलेल्या २१ वेस्टलँड ३० हेलिकॉप्टरांचा अनुभव मात्र बोलका आहे. या खरेदीशी ब्रिटिश अर्थसाहाय्य निगडित होते. १९८८ व १९८९ मध्ये दोन प्राणघातक अपघात झाले आणि १९९१ मध्ये ती जमिनीवरच ठेवण्यात आली.

पाचगणीचे टेबललँड हे सपाट जांभ्याचे पठार असल्याने उतरण्यास सोयीचे वाटते. कड्याकडे उड्डाण केल्यास एक एंजिन थांबल्यावर दरीत उंची गमावून वेग मिळविता येतो, हा सपाट प्रदेशात न लाभणारा फायदा होय. परंतु वाऱ्याच्या दिवशी कड्याच्या आडोशाकडील बाजूस खाली जाणारे प्रवाह व भोवरे निर्माण होतात. जांभ्याची लाल धूळ एंजिनात शिरू नये म्हणून गाळणीही लागते. जून ते सप्टेंबर या काळात धुके व पाऊस यांमुळे नियमित सेवा जवळजवळ अशक्य असते. जुहूपासूनचे हवाई अंतर सु. १६५ किमी. म्हणजे सु. ४० मिनिटांचे आहे. महाबळेश्वर मात्र रस्त्याने सु. २० किमी.वर असल्याने तेथे हेलिकॉप्टरने जाण्यात अर्थ नाही. शाळांचे गाव असल्याने आवाजाचा विचारही टाळता येणार नाही.