आवणीच्या दिवसांत कातडी का सोलते?

जुलै लागला की शहापूर-मुरबाडच्या भातखाचरांत आवणीची घाई उडते. सकाळपासून ओणवं राहून, चिखलात रोपांच्या मुठी सोडत दिवस मावळतो. काही दिवसांतच पायाच्या बेचक्या पांढऱ्याफटक पडून चिखल्या होतात, हातांना भेगा पडतात, आग सुटते. ‘उष्णता झाली’, ‘रक्त बिघडलं’ म्हणून बरेच जण हे दुखणं अंगावर काढतात. पण दोष रक्तात नसतो. तो असतो कातडीच्या अगदी वरच्या थरात.

हा थर शरीराच्या बहुतेक भागांवर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा, कागदाहूनही पातळ असतो. वीटभट्ट्यांच्या या मुलखात त्याची बांधणी चटकन कळेल. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्यं म्हणजे माल. तासन्‌तास पाण्यात राहिलं की पेशी फुगतात आणि मधला माल सुटू लागतो. त्यात मातीचं घर्षण, रोपांच्या पात्यांचे ओरखडे आणि हाताला झोंबणारे युरियाचे दाणे यांची भर पडते. मग त्वचा लाल होते, चरचरते, सोलते. डॉक्टर याला इरिटंट कॉन्टॅक्ट डर्मटायटिस म्हणतात. हा संसर्ग नाही, त्यामुळे तो एकाकडून दुसऱ्याला होत नाही.

झोंबणाऱ्या वस्तू घरात आणि बांधकामावरही असतात. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच ५ च्या आसपास. कपड्याच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो, तर ओल्या सिमेंटचा १२ च्याही वर. म्हणून गवंड्याच्या हाताला सिमेंट नुसतं कोरडं पाडत नाही, भाजूही शकतं. पावसाच्या तोंडावर बाजारात येणारी शेवळं चिरताना हात खाजतात, ते त्यांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. शेवळांच्या भाजीत काकडं किंवा चिंच घालायची आणि चिरण्याआधी हाताला तेल लावायचं, ही घराघरांतली पद्धत याच अनुभवातून आली आहे.

बिब्ब्याची गोष्ट वेगळी. तो उततो, ती मुख्यतः ॲलर्जी. चिखल, साबण, सिमेंट पुरेसा वेळ लागलं तर कोणाचीही त्वचा बिघडते. ॲलर्जी मात्र ज्याच्या शरीराने तो पदार्थ एकदा ‘ओळखून’ ठेवला आहे त्यालाच होते आणि मग थेंबभर चीकही पुरतो. पुरळ बहुधा एक ते तीन दिवसांनी उठतं. गाजर गवताने चेहरा, मान आणि हात खाजतात, तीही ॲलर्जीच. म्हणून टाचेच्या भेगांवर बिब्बा घालण्याचा जुना उपाय सोडून द्यावा. त्याने भाजल्यासारखे फोड येतात.

उपाय साधे आहेत, पण ते रोज करावे लागतात. कामाला उतरण्यापूर्वी हातापायांना व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल चोळा. जमेल तिथे गमबूट घाला. खत फेकताना हात कोरडे ठेवा आणि हातमोजे वापरा. दुपारच्या सुट्टीत पाय चिखलाबाहेर काढून सुकू द्या. घरी आल्यावर स्वच्छ पाण्याने धुवा, साबण कमीत कमी लावा, बेचक्या टिपून कोरड्या करा आणि भेगांवर पुन्हा तेल लावा. सिमेंट किंवा बिब्ब्याचा चीक लागला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. त्वचा वरून बरी दिसली तरी आतून सावरायला काही आठवडे लागतात, तोवर ही काळजी चालू ठेवा.

दुकानातून विचारून आणलेलं मलम मात्र टाळा. अशा अनेक ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असतं. खाज दोन दिवसांत थांबते, पण पुढे त्वचा पातळ होते आणि नायटा असेल तर तो दबून आणखी पसरतो. स्टेरॉइड हे उपयोगी औषध आहे, पण किती तीव्र आणि किती दिवस लावायचं हे डॉक्टरने ठरवायचं असतं.

फुटलेली कातडी ही जंतूंची वाट आहे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू याच भेगांतून शरीरात शिरतात. आवणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल-पिवळे झाले, तर त्याच दिवशी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा आणि आपण चिखलात काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. जखमेत पू झाला, सूज चढत गेली किंवा दोन आठवड्यांत आराम पडला नाही, तरीही थांबू नका.

मजूर लावणाऱ्या शेतकऱ्यांनी आणि बांधकामाच्या ठेकेदारांनी हातमोजे, गमबूट आणि हातपाय धुवायला स्वच्छ पाणी पुरवायला हवं. चिखल्या आणि भेगा हा कष्टाचा अटळ भाग नाही. तो टाळता येणारा आजार आहे.