एका दिव्याची गाडी

इंजिनातून वेगळा आवाज यायला लागला की गाडी त्याच दिवशी गॅरेजला जाते. हेडलाइटचा बल्ब गेला की मात्र ‘बघू रविवारी’ होतं. गाडी चालतेय, दुसरा दिवा लागतोय, मग घाई कसली? भंडारा जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ही ढिलाई परवडणारी नाही. राष्ट्रीय महामार्ग ५३ भंडारा, लाखनी, साकोली असा जिल्हा ओलांडून जातो. पण तुमसर, मोहाडी, पवनी, लाखांदूरकडची रोजची ये-जा पुष्कळशी आतल्या रस्त्यांवरून होते. तिथे बहुतेक ठिकाणी मध्ये दुभाजक नाही, खांबावरचे दिवे गावापुरतेच, आणि गाव संपलं की दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या आणि काळोख. अशा रस्त्यावर उजवा दिवा गेलेली कार समोरून येणाऱ्याला मोटारसायकल वाटते. तो त्या हिशेबाने जागा सोडतो, आणि कारची उजवी बाजू, म्हणजे नेमकी त्याच्या अंगावर येणारी बाजू, अंधारात असते. म्हणून माझं म्हणणं असं की हेडलाइटचा बल्ब बदलणं प्रत्येक गाडीवाल्याला आलं पाहिजे आणि सुटा बल्ब गाडीतच असला पाहिजे. वाचणारी मजुरी किरकोळ आहे. खरा फायदा, बिघाड त्याच रात्री दूर होतो हा आहे.

हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. डिपरचा उपयोगी उजेड साधारण ४० ते ६० मीटरपर्यंत पोचतो. म्हणजे दोन्ही दिवे शाबूत असतानाही हाताशी फारशी शिल्लक नाही. वेग ८० वर गेला की थांबायला सत्तरेक मीटर लागतात आणि शिल्लक उणे होते. त्यात दिवाळीच्या सुमारास धान निघालं की पोत्यांनी भरलेल्या ट्रॉल्या आणि बंड्या अंधार पडल्यावरही रस्त्यावर असतात. मागे लाल दिवा किंवा चमकपट्टी असेलच असं नाही. पुढे थंडीत वैनगंगेच्या काठाने धुकं धरतं. यातून एक दिवा वजा करून चालवणं म्हणजे दिसण्याच्या आधीच धडकण्याची तयारी ठेवणं.

हे काम अवघड नाही. त्यामागचं कारण समजलं की चुकाही टळतात. अनेक लहान गाड्यांत एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो: १२ व्होल्ट, ६०/५५ वॉट, मागे तीन पिना. एकाच काचेत दोन तारा असतात, एक अप्परची, दुसरी डिपरची. डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते. त्यामुळे प्रकाश परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून रस्त्याकडे खाली वळतो. समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही तो या वाटीमुळे. म्हणजे बल्ब किती प्रखर आहे याइतकंच तो खाचेत नीट बसला आहे का, हेही महत्त्वाचं.

गाडी बंद करून दिवा निवू द्यावा, कारण जळता हॅलोजन हात भाजण्याइतका तापतो. बोनेट उघडून दिव्यामागचा कपलर सरळ मागे ओढावा. तारेला धरून ओढू नये. मग रबरी टोपण काढावं, स्प्रिंगची क्लिप दाबून बाजूला करावी आणि जुना बल्ब बाहेर घ्यावा. नवा बल्ब धातूच्या कडीला धरावा, काचेला बोट लावू नये. ही काच क्वार्ट्झची असते आणि खूप तापते; बोटाचा तेलकट डाग तापून तिथली काच कमजोर होते आणि बल्ब अवेळी जातो. हात लागलाच तर स्पिरिटच्या स्वच्छ फडक्याने पुसून कोरडा करावा. कडीचे तीन कान सारखे नसतात, त्यामुळे बल्ब एकाच पद्धतीने बसतो. जबरदस्ती करावी लागत असेल तर तो फिरलेला आहे असं समजावं. रबरी टोपण पक्कं बसवलं नाही तर पावसाळ्यात आत पाणी शिरतं. शेवटी सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून डिपर लावावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली हवी आणि डाव्या हाताला ती थोडी वर चढलेली दिसावी. दोन्ही दिवे एकदमच गेले असतील तर मात्र बल्बआधी फ्यूज तपासावा.

यावर पहिला आक्षेप असा की मेकॅनिक हे पाच मिनिटांत करतो, मग आपण कशाला? दिवसा, गावात, हे खरंच आहे. पण बल्ब गेल्याचं कळतं रात्री, आणि अड्याळच्या पुढे पवनीच्या वाटेवर त्या वेळी दुकान उघडं सापडण्याचा भरवसा नाही. दुसरा आक्षेप नव्या गाड्यांचा. काही गाड्यांत बल्बपर्यंत हात पोचण्यासाठी बॅटरी किंवा अख्खा दिवा काढावा लागतो, आणि कंपनीच्या एलईडी दिव्यांत बदलण्याजोगा बल्बच नसतो. तिथे सर्व्हिस सेंटरलाच जावं. आपली गाडी कोणत्या जातीची आहे हे पुस्तिकेत आधीच पाहून ठेवावं. एकच बल्ब वारंवार जात असेल तरी चार्जिंगचा दाब आणि वायरिंग जाणकाराकडून तपासून घ्यावं, कारण दाब थोडा जरी वाढला तरी बल्बचं आयुष्य झपाट्याने घटतं.

सगळ्यात जोरदार आक्षेप प्रखर उजेडाचा आहे: बदलायचाच, तर १००/९० वॉटचा किंवा पांढराशुभ्र एलईडी का नको? रस्ता इतका काळोखा असताना जास्त उजेड मागणं स्वाभाविक आहे. पण मूळ वायरिंग आणि होल्डर ६०/५५ वॉटच्या हिशेबाने केलेले असतात. जास्त वॉटने होल्डर वितळतो. आणि हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी घातला की प्रकाश नेमक्या त्या तारेच्या जागेवरून येत नाही, तो विखुरतो आणि समोरच्याचे डोळे दिपवतो. दिपलेल्या डोळ्यांना सावरायला काही सेकंद लागतात, वयस्क माणसाला त्याहून जास्त. तेवढ्यात त्याची गाडी पन्नासेक मीटर आंधळी धावलेली असते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ हेच सांगतो: ८ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झगमग होता कामा नये. स्वतःला जास्त दिसावं म्हणून दुसऱ्याचं दिसणं हिरावणं हा सुरक्षिततेचा मार्ग होऊ शकत नाही, कारण अरुंद रस्त्यावर तो आंधळा झाला की धडक दोघांनाही बसते. उजेड कमी वाटत असेल तर आधी पिवळी पडलेली काच साफ करावी, बल्ब जोडीने बदलावेत आणि वेग उतरवावा.

स्टेपनी बदलता येणं ही आपण गाडीवाल्याची किमान पात्रता मानतो. पण पंक्चर झालेला टायर गाडीला थांबवतो, गेलेला बल्ब तिला तशीच धावू देतो. म्हणून बल्बकडे लक्ष आधी जायला हवं. काही शे रुपयांचा योग्य जातीचा बल्ब मऊ कापडात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा, आणि एकदा दिवसाउजेडी घरच्या अंगणात तो काढून-घालून पाहावा. धान कापणीला येण्याआधी एवढं झालं, तर यंदाच्या हंगामात रात्री समोर येणाऱ्या बंडीवाल्याचं आपण निदान एक देणं चुकवलेलं असेल.