कार्यवाहीचा रकाना

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं अनुदानित महाविद्यालय. दुपारी दोननंतर आवार ओस पडू लागतं, कारण वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या मुलामुलींना एसटी गाठायची असते. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘आयक्यूएसी’ची बैठक म्हणूनच अडीच वाजता ठेवलेली. प्राचार्य अध्यक्ष, एक ज्येष्ठ प्राध्यापिका समन्वयक. टेबलाभोवती विभागप्रमुख, कार्यालयीन अधीक्षक, संस्थेचे एक संचालक, गावातले एक डॉक्टर, दोन माजी विद्यार्थी आणि तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी. विषयपत्रिकेवरचा पहिला विषय नेहमीचाच, मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करणे. एरवी ‘वाचले, कायम केले’ म्हणून हा विषय अर्ध्या मिनिटात उरकतो. इथे तो बराच वेळ चालतो, कारण इतिवृत्ताच्या तक्त्यात प्रत्येक ठरावापुढे दोन जादा रकाने आखलेले आहेत. एक ‘केलेली कार्यवाही’ आणि दुसरा ‘काय फरक पडला’. दुसऱ्या रकान्यात नुसतं ‘होय’ लिहून भागत नाही.

महाविद्यालयाचं मूल्यांकन म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे येतो तो प्रवेशद्वारावरचा फलक, ‘नॅक पुनर्मूल्यांकनात अ श्रेणी’. त्या अक्षरामागची यंत्रणा मोठी आहे. राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, म्हणजे नॅक, विद्यापीठ अनुदान आयोगाने 1994 मध्ये स्थापन केली. तिचं मुख्यालय बंगळुरूला आहे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अशा यंत्रणेचं सूतोवाच झालं होतं. सुरुवातीला मूल्यांकन ऐच्छिक होतं. आयोगाच्या 2012 च्या विनियमांनी ते बंधनकारक केलं. सात निकष, मिळून 1000 गुणभार, आणि त्यावरून 4 पैकी सरासरी काढली जाते. 3.51 किंवा त्याहून जास्त असेल तर ‘अ++’, 3.01 ते 3.25 मध्ये ‘अ’, आणि 1.50 किंवा त्याखाली राहिलं तर मान्यताच नाही. श्रेणी साधारण पाच वर्षं टिकते, मग पुन्हा पहिल्यापासून.

या पाच वर्षांत काय घडतं, तिथेच महाविद्यालया-महाविद्यालयांत फरक पडतो. काही ठिकाणी चार वर्षं शांतता असते. पाचव्या वर्षी एकदम रंगरंगोटी, नव्या कुंड्या, रात्री उशिरापर्यंत चालणारा स्कॅनर आणि मागच्या तारखांची इतिवृत्तं. ‘मॅडम, 2021 च्या त्या कार्यशाळेची हजेरी सापडत नाही’ अशा हाका सगळ्या मजल्यांवर ऐकू येतात. हे चित्र महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांना चांगलं परिचयाचं आहे. नॅकलाही ते ठाऊक होतं. मान्यता मिळालेल्या प्रत्येक संस्थेत आयक्यूएसी असावी, तिची तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक व्हावी आणि दरवर्षी वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल, म्हणजे एक्यूएआर सादर व्हावा, ही अट त्यासाठीच आहे. वर्षाचं काम वर्षातच नोंदलं गेलं, तर पाचव्या वर्षी धावपळ होण्याचं कारण उरत नाही.

शेवटी तपासण्यापेक्षा सतत सुधारत राहण्याचा हा विचार मुळात कारखान्यातला. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये वॉल्टर शूहार्ट यांनी दाखवून दिलं, की तयार माल तपासून खराब नग बाजूला काढण्यापेक्षा प्रक्रियेतला दोष शोधणं जास्त उपयोगाचं. एडवर्ड्स डेमिंग यांनी तोच विचार 1950 मध्ये जपानी उद्योगांपुढे मांडला. आखा, करा, तपासा, सुधारा आणि पुन्हा आखा. 1999 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अधिस्वीकृती संस्थेने, शिकागोच्या हायर लर्निंग कमिशनने, हा विचार थेट महाविद्यालयांच्या मान्यतेला जोडला. ‘एक्यूआयपी’ नावाच्या त्या मार्गाने जाणाऱ्या महाविद्यालयाला काही वर्षांतून एकदा होणाऱ्या भल्यामोठ्या तपासणीवर विसंबता येत नसे. सुधारणेचे नेमके प्रकल्प हाती घ्यायचे, त्यांची प्रगती कळवायची, एक संपला की दुसरा सुरू करायचा, असा त्याचा क्रम होता. सुमारे दोन दशकांनी कमिशनने तो मार्ग बंद केला. भारतात आयक्यूएसीच्या रूपाने त्याच विचाराची एक आवृत्ती गावोगावच्या महाविद्यालयांत पोचली आहे.

ती प्रत्यक्षात कशी चालते, हे पाहायचं तर तालुक्याच्या गावच्या त्या महाविद्यालयाच्या वाणिज्य विभागात जावं. प्रथम वर्षाचा वित्तीय लेखांकनाचा पेपर. पूर्वी विभागप्रमुख निकालाची एकच टक्केवारी काढायचे, गेल्या वर्षीशी ताडून पाहायचे आणि प्रश्न मिटायचा. आता प्रत्येक विषयाची ‘अभ्यासक्रम निष्पत्ती’ लिहिलेली असते. हा विषय संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे, त्याची ही यादी. अंतर्गत परीक्षेचा प्रत्येक प्रश्न यादीतल्या कुठल्या ना कुठल्या कलमाशी जोडायचा आणि मग प्रश्नवार गुण मांडायचे. हे काम कंटाळवाणं आहे. एक्सेलची शीट लांबच लांब होते. वर्गात शंभरावर मुलं असली की दोन संध्याकाळी त्यातच जातात.

पण त्या शीटने या विभागाला एक गोष्ट दाखवली. कीर्द आणि खतावणीच्या प्रश्नांत गुण दोन टोकांना साचले होते. काहींना जवळपास पैकीच्या पैकी, काहींना शून्याच्या आसपास, मधे फारसं कोणी नाही. कार्यालयातून प्रवेशअर्ज मागवून बारावीची शाखा पुढे लिहिल्यावर उलगडा झाला. तळाशी असलेली बहुतेक मुलं कला किंवा विज्ञान शाखेतून आलेली. पुस्तपालन हा विषय त्यांनी कधी उघडलाच नव्हता, आणि पहिल्याच आठवड्यात वर्ग नावे-जमेच्या पुढे निघून गेलेला. शिक्षक मुलांना ‘कच्ची’ समजत होते, मुलं स्वतःला ‘ढ’ समजत होती, आणि एकूण टक्केवारीत यातलं काहीच दिसत नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये या मुलांसाठी ब्रिज कोर्स ठेवला गेला. वेळ सकाळची, कारण दुपारनंतर एसटी. कीर्द नोंद कशी करायची, खात्यांचे प्रकार कुठले, तेरीज कशी जुळवायची, एवढंच शिकवायचं. वर्षअखेर तीच शीट पुन्हा मांडली. कीर्दीच्या प्रश्नांतली दरी बरीच भरून आली होती. बँक ताळमेळ पत्रकात मात्र फारसा फरक नव्हता. ‘काय फरक पडला’ या रकान्यात दोन्ही गोष्टी लिहिल्या गेल्या, आणि ताळमेळ पत्रकासाठी स्वतःचं पासबुक वर्गात आणून सराव करून घ्यायचा, असा पुढचा ठराव झाला. संलग्न महाविद्यालयांसाठी अध्यापन आणि मूल्यमापन या एकट्या निकषाला 1000 पैकी 350 गुणभार आहे. त्यातले काही गुण अशा शीटमधूनच मिळतात.

दुसरं उदाहरण ग्रंथालयाचं. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायात अभ्यासिकेची वेळ हा मुद्दा सलग दोन वर्षं वर आला होता. पहिल्या वर्षी त्यावर ‘सूचनेची नोंद घेतली’ असा शेरा पडला. दुसऱ्या वर्षी बैठकीतल्या विद्यार्थिनीने विचारलं, की नोंद घेतली म्हणजे काय केलं? तिने अडचण समजावून सांगितली. सकाळची पहिली एसटी साडेसातच्या आत गावात पोचते, तास साडेआठला सुरू होतात आणि ग्रंथालय दहाला उघडतं. सकाळचा तो तासभर मुली बसस्थानकावर काढतात. ग्रंथपालांकडे माणूस नव्हता, मंजूर पद रिकामं होतं. तोडगा निघाला तो ‘कमवा आणि शिका’ योजनेतून. योजनेतल्या दोन मुलांना सकाळच्या अभ्यासिकेचं काम दिलं, पुस्तकांची देवघेव नेहमीच्या वेळेतच ठेवली. दाराशी नोंदवही ठेवली आणि तिच्यातल्या सह्या हाच पुरावा झाला. नॅकसाठी म्हणून वेगळा कागद करावा लागला नाही.

पुराव्याचा प्रश्न 2017 पासून जास्त टोकदार झाला. त्या वर्षी नॅकने पद्धत बदलली. सुमारे 70 टक्के मूल्यांकन आकडेवारीवर येऊन ठेपलं आणि ती आकडेवारी त्रयस्थ पडताळणीतून, ‘डीव्हीव्ही’तून जाऊ लागली. प्राध्यापकांच्या बोलण्यात ‘डीव्हीव्हीच्या क्वेरी आल्या’ हे वाक्य तेव्हापासून आलं आणि ते ऐकून भल्याभल्यांची झोप उडते. विस्तारकार्याचा फोटो जिओटॅग केलेला हवा, म्हणजे स्थळ आणि वेळ फोटोवरच दिसली पाहिजे. पुस्तकांवरचा खर्च लेखापरीक्षित ताळेबंदात अधोरेखित केलेला आणि सनदी लेखापालाच्या सहीचा हवा. ग्रामपंचायतीने राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे एनएसएसच्या शिबिराबद्दल दिलेलं मराठी पत्र इंग्रजी अनुवादासह जोडायला हवं. पाच वर्षांपूर्वीचा फोटो आज जिओटॅग करता येत नाही. त्यामुळे या महाविद्यालयात एनएसएसच्या मुलांना शिबिराला निघण्याआधीच मोबाइलवर जिओटॅग करणारं ॲप घालून दिलं जातं आणि परतल्यावर त्याच आठवड्यात फोटो ठरलेल्या फोल्डरमध्ये जातात.

यानंतर पीअर टीम येते. दोन-तीन दिवस परराज्यातले ज्येष्ठ प्राध्यापक विभाग पाहतात. विद्यार्थी, पालक आणि माजी विद्यार्थ्यांशी बोलतात. निघताना अहवालाची प्रत प्राचार्यांच्या हाती येते. श्रेणी नंतर जाहीर होते आणि जल्लोष तिचाच होतो. अहवालाच्या शेवटी सुधारणेसाठीच्या शिफारशी असतात. समन्वयक मॅडमनी त्या पानाच्या प्रती काढून प्रत्येक विभागात लावल्या आहेत, कारण पुढच्या पाच वर्षांच्या बैठकांची विषयपत्रिका तिथूनच सुरू होते.

या व्यवस्थेला कीडही लागली. नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष डॉ. भूषण पटवर्धन यांनी गैरप्रकारांच्या स्वतंत्र चौकशीची गरज मांडली आणि मार्च 2023 मध्ये राजीनामा दिला. फेब्रुवारी 2025 मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या प्रकरणात वरच्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने तपासणी पथकाच्या अध्यक्षांसह सदस्यांना अटक केली. प्रामाणिकपणे पाच वर्षं नोंदी ठेवणाऱ्या प्राध्यापकांना अशी बातमी वाचून जो संताप येतो, तो रास्त आहे. एका अक्षरावर प्रवेश, निधी आणि स्वायत्तता अवलंबून ठेवली, की ते अक्षर विकत घेण्याचा मोह उभा राहतो.

त्यावर उपाय सुचवला गेला आहे. इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीने श्रेणींऐवजी आधी ‘मान्यताप्राप्त’ किंवा ‘मान्यता नाही’ एवढाच निर्णय घ्यावा आणि पुढे परिपक्वतेच्या पाच पातळ्या ठेवाव्यात, अशी शिफारस केली. संस्थांनी एकाच सामायिक मंचावर माहिती भरावी आणि तिची परस्पर पडताळणी व्हावी, हाही त्याच आराखड्याचा भाग आहे. असं झालं तर प्रत्यक्ष भेटीचं आणि पाहुणचाराचं महत्त्व कमी होईल. वर्षाच्या वर्षाला खरी आकडेवारी भरणाऱ्यांना त्यात वेगळं काही करावं लागणार नाही.

आयक्यूएसीच्या हातात नसलेल्या गोष्टी मात्र तशाच राहतात. मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत, हा नॅकचा एक निर्देशक आहे. महाराष्ट्रात अनुदानित महाविद्यालयांतली प्राध्यापकांची कितीतरी पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत आणि वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. ताळमेळ पत्रकाचा सराव जो तरुण शिक्षक घेणार आहे, त्याची नेमणूक सत्रापुरती आहे. पुढच्या जूनमध्ये तो इथे असेल की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. तो गेला तर यंदा वर्गात काय अडलं आणि काय जमलं, हेही त्याच्याबरोबर जाईल, आणि नव्या शिक्षकाच्या हाती फक्त एक्सेलची शीट येईल. या त्रुटीचे गुण महाविद्यालयाचे कापले जातात, पद भरायला परवानगी देण्याचा अधिकार मात्र शासनाकडे आहे.

मागे पडलेल्या महाविद्यालयांना नावाजलेल्यांनी हात द्यावा, यासाठी आयोगाने 2019 मध्ये ‘परामर्श’ योजना आणली, राज्याने ‘परीस स्पर्श’ आणली. दोन्ही चांगल्या आहेत. पण मार्गदर्शनाला येणारे आणि घेणारे दोघेही पूर्ण तासांचं शिकवणं सांभाळून हे काम करतात. इथल्या समन्वयक मॅडम सकाळी तीन तास शिकवतात, दुपारी सातही निकषांच्या प्रमुखांच्या मागे लागतात आणि एक्यूएआर घरून भरतात. समन्वयकाच्या अध्यापनाच्या तासांत नियमाने सवलत, आयक्यूएसीसाठी एक पूर्णवेळ लिपिक आणि रिकाम्या पदांवर कायम शिक्षक, या तीन गोष्टी शासनाने दिल्या, तर ब्रिज कोर्ससारखे प्रयोग एका विभागापुरते न राहता साऱ्या महाविद्यालयात करता येतील. तसा प्रस्ताव या महाविद्यालयाने उच्च शिक्षण सहसंचालकांकडे पाठवला आहे.