बॅरिटोनची दहा वर्षं : ऑपेरा, नाटक मंडळी आणि फुटलेला आवाज
(शीव येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

शीवला ऑपेरावर व्याख्यान ठेवलंय म्हटल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, ‘‘ऑपेरा हाउसबद्दल बोलणार का? म्हणजे गिरगावच्या?’’ प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे ऑपेरा हाउस हा बसचा थांबा आधी आणि ऑपेरा नंतर. त्या इमारतीकडे आपण येऊच. पण आजचा विषय आहे एका विशिष्ट आवाजाचा तरुण गायक. पुरुषाचा, ना फार वरचा ना फार खालचा, मधला भरदार आवाज. पाश्चात्त्य संगीतात त्याला बॅरिटोन म्हणतात. असा आवाज असलेला मुलगा अठराव्या वर्षी शिकायला लागतो आणि अठ्ठाविसाव्या-तिसाव्या वर्षी गायक म्हणून उभा राहतो. या मधल्या दहा वर्षांत त्याला सांभाळतं कोण, हा आमचा प्रश्न आहे.

आधी आवाजाचं थोडं समजून घेऊ. पुरुषांचे तीन ढोबळ प्रकार : वरचा टेनर, मधला बॅरिटोन, खालचा बास. ऑपेरात नायक बहुधा टेनर असतो. बॅरिटोनच्या वाट्याला बाप, भाऊ, प्रतिस्पर्धी, खलनायक, नाहीतर विनोदी नोकर. मोझार्टचा फिगारो, व्हेर्दीचा रिगोलेत्तो ही या आवाजाची मोठी कामं. आता हे आपल्या पेटीवर बसवून बघा. काळी एकचा सा घेतला, तर तार सप्तकातला पंचम साधारण बॅरिटोनच्या छपराला टेकतो. म्हणजे आपला नेहमीचा ख्यालगायक ज्या पट्टीत गातो तिथे बॅरिटोनचं उत्तम चालतं. पण पांढरी चार लावली तर? मग तार षड्जावरच त्याची दमछाक सुरू होते, आणि तार पंचम म्हणजे टेनर लोकांचा तो सुप्रसिद्ध ‘हाय सी’. तिथे बॅरिटोनने जायचंच नसतं.

आणि आपली संगीत रंगभूमी उभी राहिली ती उंच पट्टीवर. माईक नव्हता, थिएटरं मोठी, मागच्या बाकांपर्यंत पद पोचायला हवं. उंच, टोकदार आवाज लांब जातो हा अनुभव होता, आणि केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांच्या तडफदार गाण्याने तीच चव प्रेक्षकांच्या कानात बसली. त्यामुळे खालच्या आवाजाच्या मुलाला आपल्याकडे ‘आवाज नाही’ असंच म्हणत आले. आम्ही स्वतः शाळेत नाट्यपदं म्हणायचो. आठवीत आवाज फुटला आणि गाण्याच्या बाईंनी प्रेमाने सांगितलं, ‘‘आता तू तबल्याकडे बस.’’ बसलो. (हशा) त्या बाईंचा दोष नाही. खालच्या आवाजाचं काय करायचं हे त्यांनाही कुणी शिकवलेलं नव्हतं.

पण भरदार खालचा आवाज माईकशिवाय मागच्या रांगेत पोचतो का? पोचतो. योहान सुंडबेर्ग नावाच्या स्वीडिश संशोधकाने याचं मोजमाप केलं. वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त असतो आणि वर जाता जाता तो ओसरतो. तयार ऑपेरा-गायक मूळ स्वर खालचा लावतो, पण घशाच्या पोकळीला असा आकार देतो की त्याच स्वराच्या वरच्या उपस्वरांचा एक पुंजका, साधारण ३००० हर्ट्झच्या जवळ, फुलून येतो. तिथे वाद्यवृंद दुबळा असतो. त्या फटीतून आवाज निसटून आपल्या कानापर्यंत येतो. म्हणजे ओरडायचं नाही, फट शोधायची. ही फट शोधायला वर्षं जातात. शिवाय शरीरही घाई करत नाही. वयात येताना मुलाच्या स्वरतंतूंची लांबी वाढते, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो, आणि स्वरयंत्राची कूर्चा पुढे विशीतसुद्धा घट्ट होत राहते. म्हणून वीस वर्षांच्या मुलाला रिगोलेत्तो गायला लावणं म्हणजे कोवळ्या खांबावर छत टाकण्यासारखं. शिक्षक त्याला मोझार्ट देतात, जर्मन आणि इटालियन गीतं देतात, चार ओळींच्या छोट्या भूमिका देतात.

थांबायला सांगणं सोपं आहे. थांबताना खायचं काय?

युरोपाने याची जी उत्तरं काढली त्यातलं पहिलं म्हणजे कॉन्झर्व्हेटरी. हा शब्द नेपल्सचा. तिथे सोळाव्या शतकापासून अनाथ मुलांसाठी आश्रम होते, मुलांना ‘जपून ठेवण्याची जागा’ म्हणून ‘कॉन्झर्व्हातोरिओ’. तिथे पोरांना जेवण, कपडा आणि संगीत मिळायचं, आणि ती चर्चमध्ये, मिरवणुकीत गाऊन आश्रमाला पैसा आणायची. पुढे पॅरिसला १७९५ साली सरकारी कॉन्झर्व्हेटरी झाली आणि अनाथाश्रमाचा शब्द संगीत महाविद्यालयाला चिकटला. दुसरं उत्तर म्हणजे छोटी कंपनी. व्हिएन्नाच्या उपनगरात एमानुएल शिकानेडर नावाचा एक नटमालक होता. मालक तोच, नट तोच, लेखक तोच. त्याच्या थिएटरात ३० सप्टेंबर १७९१ रोजी मोझार्टचा ‘मॅजिक फ्लूट’ पहिल्यांदा झाला, त्याची संहिता शिकानेडरची, आणि त्यातला पक्षी पकडणारा पापागेनो त्याने स्वतः केला. तो काही तालमीतला मोठा गायक नव्हता. म्हणून मोझार्टने त्याची गाणी लोकगीतासारखी सोपी ठेवली, अनेक जागी वाद्यांकडून सूर आधी देऊन ठेवला. आज जगभरचे तरुण बॅरिटोन ज्या भूमिकेने सुरुवात करतात त्यातली ही एक प्रमुख भूमिका. ती एका फिरत्या वृत्तीच्या नटमालकाच्या घशाच्या मापाने बेतलेली आहे हे आम्हाला फार आवडतं.

हे ऐकताना तुमच्यापैकी काहींना किर्लोस्कर आठवले असतील. अण्णासाहेबांचं ‘शाकुंतल’ पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झालं, आणि लेखक, मालक, नट ही मोट तिथेही एकाच माणसाने बांधली होती. नाटक मंडळी ही आपल्याकडची छोटी ऑपेरा कंपनीच. कंपनीचं बिऱ्हाड असायचं, पंगत असायची, सकाळी तालीम, आणि गाणं शिकवायला गावोगावचे बुवा. भास्करबुवा बखल्यांसारखा गवई ‘स्वयंवर’च्या चाली देतो, ती पदं नटांच्या गळ्यात बसवतो. कॉन्झर्व्हेटरी आणि कंपनी एकाच छपराखाली. बाल गंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले ते सतरा वर्षांचे असताना. केशवराव भोसले तर त्याहून लहानपणी स्वदेश हितचिंतक मंडळीत गेले, ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने गाजले, आणि १९०८ मध्ये हुबळीला त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढली. तेव्हा त्यांचं वय अठरासुद्धा पुरतं नव्हतं.

या व्यवस्थेला आम्ही सोन्याचा मुलामा देणार नाही. मुलगा स्त्रीभूमिका करत असला की त्याचा आवाज हेच कंपनीचं भांडवल. तो फुटला की? केशवरावांसारखा असला तर पुरुषभूमिकेत उभा राहतो. नसला तर तोंड रंगवून मागच्या रांगेत भालदार. अशांची नावं इतिहासात येत नाहीत. आवाज फुटतो त्या दोन-तीन वर्षांत गाणं थांबवून मुलाला पोसावं, एवढी ऐपत आणि एवढा धीर फार थोड्या मालकांकडे असणार. रात्रीचा खेळ झाला पाहिजे, तिकिटं विकली गेली पाहिजेत.

आता एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण आजच्या प्रश्नाला ते सगळ्यात जवळचं आहे. विनायकराव पटवर्धन. बॅरिटोन होते असं आमचं म्हणणं नाही, मार्ग बघा. जन्म १८९८, मिरजेचा. मिरज संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते लाहोरला विष्णु दिगंबर पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयात गेले. हे विद्यालय १९०१ चं. पलुसकरांनी तिथे जे केलं ते खरोखर कॉन्झर्व्हेटरीचं काम होतं : वर्ग, वेळापत्रक, छापील पुस्तकं, परीक्षा, आणि निवडक विद्यार्थ्यांना राहणं-जेवण देऊन वर्षानुवर्षं तयार करणारा उपदेशक वर्ग. १९०८ साली त्यांनी मुंबईत शाखा काढली, मोठी इमारत बांधली आणि ती कर्जापायी हातची गेली. पोरांना जेवू घालणारी संगीत संस्था चालवणं किती महाग असतं याचा हा आपल्याच शहरातला पुरावा.

तर विनायकराव असे महाविद्यालयात घडलेले. १९२२ साली, चोविसाव्या वर्षी, ते गंधर्व नाटक मंडळीत नट म्हणून दाखल झाले. गंभीर ख्यालगायकाने नाटकात जाणं तेव्हा सगळ्यांना रुचत नव्हतं. पण त्या दहा वर्षांत त्यांना काय मिळालं बघा. बाल गंधर्वांसमोर पुरुषभूमिका, गावोगावचा प्रेक्षक, न थकता रात्र काढायची सवय, आणि पगार. १९३२ मध्ये कंपनी सोडून त्यांनी पुण्यात स्वतःचं गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढची पिढी शिकवली. लंडन किंवा म्युनिकचा आजचा तरुण बॅरिटोन नेमकं हेच करतो. आधी संगीत महाविद्यालय, मग एखाद्या छोट्या फिरत्या कंपनीत किंवा ऑपेरा हाउसच्या तरुण कलाकारांच्या योजनेत दोन वर्षं, मग जमलं तर जर्मनीतल्या एखाद्या मध्यम शहराच्या थिएटरात नोकरी. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी ऑपेरा थिएटरं ऐंशीच्या आसपास आहेत. तिथे गायकाला महिन्याचा पगार असतो, आज पापागेनो आणि परवा पत्र आणून देणारा शिपाई. आपल्याकडे नटाला ‘नाइट’ मिळते, म्हणजे प्रयोगागणिक पैसे. पगार आणि नाइट यांत फरक हा की पगारावर घसा बसला तरी घरभाडं निघतं.

आता या गिरगावच्या इमारतीकडे येऊ. रॉयल ऑपेरा हाउसचं उद्‌घाटन १९११ साली पाचव्या जॉर्जच्या हस्ते झालं, बांधकाम त्यानंतरही चालू राहिलं. नाव ऑपेराचं, पण बाल गंधर्व, दीनानाथ आणि पुढे पृथ्वीराज कपूर तिथे उभे राहिले, मग सिनेमा आला, आणि १९९३ मध्ये दारं बंद झाली. २०१६ च्या ऑक्टोबरात ती पुन्हा उघडली तेव्हा गायल्या पॅट्रिशिया रोझारिओ. मुंबईत जन्मलेल्या, लंडनच्या गिल्डहॉलमध्ये शिकलेल्या सोप्रानो. त्या आणि त्यांचे पियानोवादक पती मार्क ट्रूप भारतात येऊन तरुण गायकांना शिकवत आले आहेत. २०१७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने याच रंगमंचावर चिमारोझाचा ‘इल मात्रिमोनिओ सेग्रेतो’ झाला. सहाच पात्रं, हलकाफुलका मजकूर. तरुण गायकांच्या छोट्या कंपनीला झेपेल अशी निवड. मुंबईचा बॅरिटोन ऑस्कर कॅस्टेलिनो याच पिढीतला. तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकला. मंगळ ग्रहासाठी म्हणून रचलेलं एक गीत आहे, तेही त्याने गायलंय. (हशा) हसू नका, बॅरिटोनला काम मिळेल तिथे गावं लागतं.

म्हणजे मुलगे आहेत, शिक्षक येऊन जातात, रंगमंचही आहे. नाही ती मधली पायरी. मुंबईत पाश्चात्त्य गायन शिकणारी मुलं प्रामुख्याने लंडनच्या मंडळांच्या परीक्षा देतात, चर्चच्या किंवा परांज्योतींनी उभ्या केलेल्या समूहगायनासारख्या वृंदात गातात, आणि पुढचं शिकायला परदेशी जातात. वर्षभर पगार देणारी एकही ऑपेरा कंपनी इथे नाही. एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा २००६ पासून आहे, पण तो वादकांचा. त्यामुळे बॅरिटोनची ती दहा वर्षं त्याच्या आईवडिलांच्या खिशातून जातात. ज्यांचा खिसा तेवढा खोल नाही त्यांची पोरं बँकेत लागतात आणि रविवारी गातात. परळ-लालबागच्या चाळींतून भजनी मंडळांत जे भरदार आवाज ऐकू येतात त्यांच्यापर्यंत तर बॅरिटोन हा शब्दही पोचत नाही.

वेळ संपत आलाय. प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून एका ताईंचा प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा आहे, आवाज खूप खाली गेलाय, गाणं सोडायचं म्हणतो. काय करावं?)

ताई, सोडू देऊ नका, पण घाईही करू नका. एखाद्या समूहगायनाच्या वृंदात घाला, तिथे खालच्या आवाजाला जागाच रिकामी असते, हात जोडून बोलावतील. स्वरलिपी वाचायला शिकू दे, जमलं तर थोडं इटालियन. इंटरनेटवर बघून मोठमोठी गाणी घसा ताणून म्हणत असेल तर ते मात्र थांबवा. आणि घरी पेटीवर बसला की पांढरी चार लावू नका. काळी एक लावा. तीही जड गेली तर आणखी खाली या, लाज वाटायचं काही कारण नाही. हं, मागे कुणाचा तरी हात वर आहे?