कोरियन शिकू या, पण मराठीतून

कोल्हापुरात मित्राला ‘जेवलास काय?’ विचारतात आणि वडीलधाऱ्यांना ‘जेवलासा का?’. कोरियन माणूसही ख्यालीखुशाली अशीच विचारतो आणि समोर कोण आहे ते पाहून क्रियापदाचं रूप बदलतो. आजोबांसमोर तर ‘भात’ या शब्दाऐवजीही आदराचा वेगळा शब्द येतो.

मालिका आणि गाण्यांच्या ओढीनं आपली मुलं कोरियन शिकू लागली आहेत, पण इंग्रजीतून. हा द्राविडी प्राणायाम आहे. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, हे इंग्रजी वाचकाला पानंच्या पानं समजवावं लागतं. ‘मी भात खातो’ म्हणणाऱ्याला त्यात काय समजवायचं? ‘नानुन बाबुल मॉङनुन्दा’: क्रम तोच, ‘बाब’ म्हणजे भाताला प्रत्ययही मागूनच.

लिपीचं तसंच. राजा सेजोंगनं ती १४४३ साली रचली, १४४६ साली प्रजेपुढे ठेवली. ‘क’च्या आकारात घशाशी उचललेलं जिभेचं मूळ आहे, ‘न’मध्ये वर टेकलेलं टोक, ‘म’ म्हणजे तोंडाचा चौकोन. ‘क’मध्ये एक रेघ वाढवली की ‘ख’. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य पाठ केलेल्यांना ही मांडणी लगेच कळते. भारतीय ध्वनिविचार बौद्ध पंडितांबरोबर चीनमध्ये पोहोचला होता आणि सेजोंगपुढे चिनी ध्वनिशास्त्र होतं.

अवघड आहेत ते आकडे. देशी आणि चिनी वळणाचे, असे दोन संच. तीन वाजून तीन मिनिटं सांगताना पहिला तीन ‘से’, दुसरा ‘साम’.

दोन्ही कोरिया मिळून आणि बाहेरचे धरून ही भाषा सुमारे आठ कोटी लोकांची. चीनच्या यानब्यान भागात, जपानमध्ये, अमेरिकेत ती आहे. मध्य आशियात ती गेली ती मात्र जुलमानं. १९३७ साली स्टालिननं रशियाच्या पूर्व टोकावरचे सुमारे पावणेदोन लाख कोरियन आगगाड्यांत भरून उझबेकिस्तान-कझाकस्तानात नेऊन टाकले. किमची या लोणच्याला लागणारी कोबी तिथं मिळेना, म्हणून त्यांनी ते गाजराचं केलं. ते आजही तिथल्या बाजारात मिळतं. नातवंडांच्या तोंडी मात्र बहुतेक रशियनच आहे.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं माध्यमिक शाळेत शिकवायच्या परकीय भाषांत कोरियनचं नाव घेतलं आहे. रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई या कोरियन कंपन्या आहेत. तेव्हा मराठी व्याकरणाच्या बळावर कोरियन शिकवणारी पुस्तकं हवीत. विभक्ती आणि आदरार्थी रूपं दोन धड्यांत उरकावीत आणि वाचलेला वेळ आकड्यांना द्यावा.