यादीत नसलेला ‘ळ’

नेपाळमधल्या संशोधकांनी 2015 मध्ये हस्तलिखित देवनागरी अक्षरांचा एक मोठा संच मांडला. आज तो कोणालाही मोफत उतरवून घेता येतो. त्यात 36 व्यंजने आणि 10 अंक अशी 46 चिन्हे, प्रत्येकाची 2,000, म्हणजे एकूण 92,000 चित्रे आहेत. एकेक चित्र 32 बाय 32 ठिपक्यांचे. संगणकाच्या लेखी ती 1,024 आकड्यांची रांग. मशीन लर्निंग शिकू पाहणाऱ्या आपल्या विद्यापीठांना याहून सोयीचा नमुना मिळणे कठीण. तो साध्या लॅपटॉपवर चालतो आणि यंत्राचे उत्तर तपासायला अक्षरओळख पुरते. या संचावर तयार केलेल्या न्यूरल नेटवर्कला मग मराठीतला ‘ळ’ दाखवून पाहावा. ‘क’ ते ‘ज्ञ’ या त्या यादीत ‘ळ’ नाहीच, कारण नेपाळी वर्णमालेत तो नाही. पण नेटवर्क ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणत नाही. शेवटच्या थरात ते शंभर टक्के शक्यता 46 चिन्हांतच वाटून टाकते. सत्तेचाळिसावा रकानाच तिथे नसतो. ‘ळ’ कुठल्यातरी भलत्याच अक्षराच्या खात्यात जमा होतो आणि कधी कधी तर मोठ्या खात्रीने.

मशीन लर्निंगचे प्रशिक्षण प्रत्यक्ष हाताने काम करून घेण्याचेच असावे, असे मी म्हणतो ते यासाठी. ‘विदा जशी, तसे उत्तर’ हे वाक्य व्याख्यानात सगळे ऐकतात. ते पटते मात्र आपण घडवलेले यंत्र आपल्यासमोर चुकते तेव्हा. आणि हे प्रशिक्षण संगणक विभागापुरते ठेवून चालणार नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या सयाश कपूर आणि अरविंद नारायणन यांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 17 विद्याशाखांतल्या 294 शोधनिबंधांना एकाच प्रकारच्या दोषाची बाधा झालेली दिसली. त्या दोषाला आपल्याकडे चपखल शब्द आहे: पेपरफुटी. चाचणीसाठी राखून ठेवायची माहिती या ना त्या वाटेने सरावातच मिसळते, यंत्र भरघोस गुण मिळवते आणि खऱ्या जगात नापास होते. यादवी युद्धाचे भाकीत करणाऱ्या काही अभ्यासांत ही फूट दुरुस्त केल्यावर आधुनिक पद्धती जुन्या, साध्या संख्याशास्त्रीय पद्धतीपेक्षा फारशा सरस ठरल्या नाहीत. ही चूक पकडायला प्रोग्रामिंगइतकीच विषयाची जाण लागते, आणि ती राज्यशास्त्राच्या, वैद्यकाच्या, भाषेच्या माणसाकडे असते.

आधी गणित पक्के करा, मग यंत्राला हात लावा, असा एक आक्षेप घेतला जातो. गणित हवेच, पण चूक डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी त्या गणिताकडे प्रश्न घेऊन जातो, आणि ते शिकणे निराळे असते. आता कोड चॅटबॉटच लिहून देतो, मग हे शिकायचे कशाला, हा दुसरा आक्षेप. उलट त्यानेच गरज वाढली आहे. कोड लिहून मिळेल, पण यादीत ‘ळ’ आहे का, हे विचारायचे भान आपल्यालाच ठेवावे लागेल. खर्चाची अडचण तर सुरुवातीच्या पायरीवर नाहीच. पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक मोठ्या संशोधनासाठी आहे; अक्षरे ओळखायला महाविद्यालयाची प्रयोगशाळा पुरेशी आहे. संगणक विभागांनी एक दिवस मराठी विभागाला बोलवावे आणि कोरे कागद वाटावेत. पन्नास जणांनी चाळीस-चाळीस वेळा ‘ळ’ लिहिला, की दोन हजार होतात.