चार दिवसांचीं बिऱ्हाडें

सुट्टी लागली कीं अमरावती-अकोल्याकडील पुष्कळ कुटुंबें चिखलदऱ्यास, कांहीं थेट गोमंतकास जातात. पूर्वीं प्रवासी धर्मशाळेंत अगर हॉटेलांत उतरत. आतां एखादें राहतें घरच दोनचार रात्रींपुरतें भाड्यानें घेण्याची रीत पडली आहे. २००८ सालीं अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें एअरबीएनबी कंपनी निघाल्यापासून ही रीत जगभर फैलावली. हींत प्रवाशाची सोय आहे, हें उघड आहे. परंतु त्या आळींत बारमास राहणारांवर तिचा परिणाम काय होतो, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगूं इच्छितों.

समजा, एका घराचें मासिक भाडें १०,००० रुपये आहे. तेंच घर प्रवाशांस रोजीं २,००० रुपयांप्रमाणें दिलें व महिन्यांतून दहाच रात्री भरलें, तरी २०,००० रुपये येतात. साफसफाई व वीज यांचा खर्च वजा जातांहि मालकास बहुधा लाभच होतो. मग तो जुन्या बिऱ्हाडकरूस घर सोडावयास सांगतो. एका आळींतील अशीं दहावीस घरें गेलीं, कीं उरलेल्यांचें भाडें चढतें. आणि शिक्षक, परिचारिका, दुकानांतील नोकर यांस गांवाबाहेर बिऱ्हाड करावें लागतें.

पैशाहून मोठी हानि शेजाराची होते. मध्यरात्रीं दुखणें आलें तर ज्याचें दार ठोठवावयाचें, त्याच दाराआड आतां दर आठवड्यास नवा अनोळखी मनुष्य असतो. गोंगाट, कचरा व पाणी यांचाहि भार आळीवरच पडतो. आपल्याच जिल्ह्यांतील चिखलदरा तालुक्यांत उन्हाळ्यांत कित्येक गांवांस टँकरनें पाणी पुरवावें लागतें, हें तेथें नळ सोडणाऱ्या पाहुण्यानें विसरूं नये.

कित्येक ठिकाणीं सरकारनें यांत लक्ष घातलें आहे. गोव्यांत १९८२ च्या पर्यटन-व्यवसाय नोंदणी कायद्याखालीं अशा घरांची नोंद करावी लागते. न्यूयॉर्क शहरांत सप्टेंबर २०२३ पासून, तीस दिवसांहून कमी मुदतीनें घर द्यावयाचें तर नोंदणी हवी, व यजमानहि त्याच घरांत राहत असला पाहिजे. स्पेनमधील बार्सिलोना शहराच्या महापौरांनीं तर अशा सुमारें १०,००० सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपविण्याचा निर्णय २०२४ सालीं जाहीर केला.

तथापि सरसकट दोष देणें न्याय्य नव्हे. एखादी वृद्ध बाई आपल्या घरांतील दोन खोल्या पाहुण्यांस देऊन चरितार्थ चालविते. तिच्यामुळें कोणी बेघर होत नाहीं, उलट दोन पैसे गांवांतच राहतात. पाहुणे गेल्यावर त्या घरांत दिवा लावावयास कोणी उरतें कीं नाहीं, हीच खरी कसोटी होय. विद्यार्थिमित्रहो, पुढील सुट्टींत तुमचे वडील असें घर ठरवूं लागले, तर येथें घरचीं माणसें राहतात काय, एवढें त्यांस अवश्य विचारावयास सांगा.